हलक्या विमानातील वायुयामिकीय फेरबदलांची चाचणी

आखूड व कच्च्या धावपट्ट्यांवरून ये-जा करणाऱ्या लहान, एक एंजिनाच्या विमानाच्या पंखावर, शेपटीवर वा धडावर केलेल्या किरकोळ फेरबदलांमुळे त्याच्या उड्डाणक्षमतेत व हाताळणीत पडणारा फरक मोजण्याच्या पद्धती. असा फेरबदल दिसण्यास बहुधा क्षुल्लक असतो. पंखाच्या पृष्ठावर चिकटविलेल्या अंगठ्याएवढ्या पट्ट्यांची एक रांग, पंख व एलेरॉन यांमधील फट बुजविणारी कापडी पट्टी, पंखाच्या अग्रधारेला दिलेला थोडासा खालचा बाक किंवा पंखाग्राचा बदललेला आकार, असे त्याचे स्वरूप असते. त्यापासून होणारा लाभही लहानच असतो व मोजमापातील नेहमीच्या चुका अनेकदा त्याहून मोठ्या असतात. त्यामुळे फेरबदल करणे सोपे आणि त्याचा खरा परिणाम सांगणे अवघड, अशी स्थिती असते. मंद वेगाने व जमिनीलगत उडताना वैमानिकाने या आकड्यांवर विसंबून निर्णय घ्यावयाचा असल्याने त्यांतील चूक जिवावर बेतू शकते.

इतिहास : या विषयाचा पाया जर्मन शास्त्रज्ञ लूटव्हिख प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये मांडलेल्या सीमास्तराच्या संकल्पनेत आहे. पृष्ठभागाला अगदी लगटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराची गती घर्षणामुळे मंदावते व विशिष्ट परिस्थितीत हा थर पृष्ठभागापासून सुटतो, असे त्यांनी दाखविले. प्रांट्ल यांच्या गटिंगेन येथील शिष्यांत कोल्हापूरकडचे विष्णु माधव घाटगे (१९०८–९१) हे होते. तेथे डॉक्टरेट मिळवून परतल्यावर त्यांनी बंगलोर येथे वैमानिकीचे अध्यापन आणि हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्यात विमानांचे अभिकल्पन केले. संपूर्ण भारतीय अभिकल्पाचे पहिले विमान एचटी–२ हे १९५१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली आकाशात गेले. त्यानंतर ९० अश्वशक्तीचे, दोन आसनांचे पुष्पक (१९५८) व त्याचीच वाढीव आवृत्ती असलेले कृषक (१९५९) ही उंच पंखांची, आधारदांड्यांची हलकी विमाने तयार झाली. कृषकाचे नाव शेतकऱ्याचे असले, तरी त्याचा उपयोग झाला तो मुख्यत्वे भूसेनेच्या तोफखान्यासाठी टेहळणी करण्याकरिता. २२५ अश्वशक्तीचे एंजिन बसविलेले हे विमान १९७० च्या दशकापर्यंत सेवेत होते. कच्च्या पट्टीवरून उडणे, हळू उडणे व थोड्या जागेत उतरणे या तिन्ही अपेक्षा त्याच्याकडून होत्या. कॅनडातील बीव्हर (१९४७) वा अमेरिकेतील सुपर कब (१९४९) या रानवट भागांतील विमानांकडूनही याच अपेक्षा केल्या जात. भारतात या वर्गातील सर्वांत जवळचे विमान म्हणून कृषकाचाच निर्देश करावा लागतो.

स्टॉल व फेरबदलांचे प्रकार : पंखाची उत्थापक प्रेरणा हवेची घनता, वेगाचा वर्ग, पंखाचे क्षेत्रफळ व उत्थापन गुणांक यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. वेग कमी झाला, तर विमान उचलून धरण्यासाठी गुणांक वाढवावा लागतो व त्यासाठी पंख हवेच्या प्रवाहाशी अधिक कोन करील असे विमानाचे नाक वर घ्यावे लागते. साध्या पंखाच्या बाबतीत हा कोन १५ अंशांच्या आसपास गेला की, वरच्या पृष्ठावरील सीमास्तर सुटतो, उत्थापक प्रेरणा ढासळते आणि विमान खाली जाऊ लागते. या अवस्थेला वैमानिक स्टॉल म्हणतात. ज्या वेगाला ती येते, त्यावर उतरण्याचा वेग व म्हणून धावपट्टीची लांबी अवलंबून असते. गुणांकाचे कमाल मूल्य १० टक्क्यांनी वाढविता आले, तर स्टॉलचा वेग सु. ४·७ टक्क्यांनी घटतो. ताशी ८० किमी. असलेला वेग ७६ किमी. वर येतो आणि जमिनीला टेकताना विमानात असलेली गतिज ऊर्जा सु. ९ टक्क्यांनी कमी होते. नदीकाठच्या ३०० मी. लांबीच्या पट्टीवर हा फरक मोलाचा ठरतो.

पंखाच्या वरच्या पृष्ठावर अग्रधारेच्या थोडे मागे तिरप्या बसविलेल्या लहान पट्ट्या हवेत भोवरे निर्माण करतात. हे भोवरे वरच्या थरातील वेगवान हवा खाली, मंदावलेल्या सीमास्तरात आणून मिसळतात व तो उशिरा सुटतो. पट्टीची उंची त्या जागच्या सीमास्तराच्या जाडीच्या मानाने ठरवावी लागते. फाजील उंच पट्टी केवळ रोध वाढविते. अग्रधारेपुढे फट ठेवून बसविलेल्या पातीचा शोध पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लागला. १९३६ मध्ये उडालेल्या जर्मन श्टॉर्ख विमानाने अशा स्थिर पाती वापरून चालत्या सायकलीच्या वेगाची आठवण व्हावी इतके संथ उड्डाण करून दाखविले. याउलट, स्टॉल आधी पंखाच्या मुळाशी व्हावा व टोकाकडील एलेरॉन शेवटपर्यंत कामाचे राहावेत, म्हणून मुळाजवळच्या अग्रधारेवर त्रिकोणी छेदाची आखूड पट्टी लावतात. तिच्यामुळे स्टॉलचा वेग किंचित वाढतो, पण तो सौम्य होतो. अशा सुधारणेचे मूल्य केवळ वेगाच्या आकड्यावरून ठरविता येत नाही, हे अशी पट्टी विकत घेणारे पुष्कळदा विसरतात.

वातविवरातील परीक्षणाच्या मर्यादा : पवई येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेसारख्या ठिकाणी मंदवेगी वातविवरे आहेत व विमानाची प्रतिकृती त्यांत ठेवून प्रेरणा मोजता येतात. तथापि लहान फेरबदलांच्या बाबतीत प्रतिकृतीचे निष्कर्ष जपून घ्यावे लागतात. १·५ मी. रुंदीच्या पंखावरून ताशी ८० किमी. वेगाने हवा वाहत असता रेनल्ड्झ अंक सु. २२ लाख येतो. त्याच वेगाच्या प्रवाहात ठेवलेल्या एक-अष्टमांश प्रतिकृतीचा अंक पावणेतीन लाखांच्या आसपासच राहतो. इतक्या लहान अंकाला सीमास्तराची वागणूक निराळी असते व तो लवकर सुटतो. शिवाय एक सेंमी. उंचीची पट्टी प्रतिकृतीवर सव्वा मिमी. ची होते. म्हणून वातविवराने दिशा दाखवावी व निर्णय प्रत्यक्ष उड्डाणात घ्यावा, असा संकेत आहे.

वेगाचे मापन : उड्डाण-चाचणीत सर्वाधिक फसगत होते ती वेगमापकाने. पीतो नलिकेतील एकूण दाब व बाजूच्या छिद्रातून येणारा स्थिर दाब यांतील फरकावरून हे उपकरण वेग दाखविते. नाक खूप वर असताना हवा नलिकेत तिरपी शिरते आणि स्थिर दाबाच्या छिद्राभोवतीचा प्रवाहही बदलतो. परिणामी उपकरण खऱ्यापेक्षा कमी वेग दाखविते. अग्रधारेवरील फेरबदलामुळे विमान अधिक मोठ्या कोनात उडू शकले, तर उपकरणाची चूकही त्याबरोबर वाढते. वैमानिकाला स्टॉलचा वेग ताशी १० किमी. ने उतरल्याचे दिसते. त्यातील किती भाग पंखाचा व किती भाग उपकरणाचा, हे तबकडीवरून कळत नाही. एंजिनाची शक्ती चालू ठेवून दाखविलेले विलक्षण कमी वेग तर आणखी संशयास्पद असतात, कारण त्या वेळी पंख्याचा झोत पंखाच्या मधल्या भागावरून वाहत असतो आणि वर उचललेल्या नाकामुळे एंजिनाची ओढच विमानाचे थोडे वजन पेलते.

यासाठी फेरबदलापूर्वी व नंतर वेगमापकाचे अंशशोधन करावे लागते. विमानामागे लांब नळीने ओढत नेलेल्या शंकूतून अविकृत स्थिर दाब मिळविणे ही एक रीत होय. उपग्रहांवर आधारलेली स्थाननिर्देशक उपकरणे स्वस्त झाल्यापासून दुसरी रीत रूढ झाली आहे. तीत एकाच उंचीवर व एकाच दर्शनी वेगाने तीन निरनिराळ्या दिशांना उड्डाण करून जमिनीसापेक्ष वेग नोंदवितात. या तीन आकड्यांवरून वाऱ्याचा वेग, त्याची दिशा व विमानाचा हवेतील खरा वेग ही तिन्ही गणिताने निघतात. वारा मात्र या अवधीत बदलता कामा नये.

वेगाखालोखाल लक्ष ठेवावे लागते ते वजनावर. १,२०० किग्रॅ. वजनाचे विमान तासाभरात ३० किग्रॅ. इंधन जाळते असे धरले, तर त्याचे वजन अडीच टक्क्यांनी घटते व स्टॉलचा वेग सव्वा टक्क्याने, म्हणजे ताशी एक किमी. ने आपोआप उतरतो. सकाळी साधे विमान व नंतर टाकी अर्धी झाल्यावर पट्ट्या लावलेले विमान तपासणाऱ्याला हा एक किमी. फुकट मिळतो. गुरुत्वमध्य पुढे सरकला, तर शेपटीला अधिक भार खाली दाबावा लागतो व स्टॉलचा वेग वाढतो. म्हणून पुढील आसनावरचा प्रवासी बदलला, तरी तुलना बिघडते. वेग दर सेकंदाला ताशी सु. दोन किमी. अशा संथ गतीने कमी करण्याचा प्रघात आहे. झटक्याने नाक वर ओढल्यास विमान क्षणभर कमी वेगालाही तरंगल्यासारखे भासते.

एका उड्डाणात अनेक स्टॉल घेऊन त्यांची सरासरी काढतात. समजा, साध्या विमानाचे पाच आकडे ताशी ७८, ८१, ७९, ८२ व ८० किमी. आले आणि फेरबदलानंतर ते ७७, ८०, ७९, ८१ व ७८ आले. दोन सरासऱ्यांत एक किमी. चा फरक पडतो, पण प्रत्येक संचातील आकडे आपापसांत चार किमी. नी विखुरलेले आहेत. अशा आकड्यांवरून सुधारणा सिद्ध झाली असे म्हणता येत नाही. साधे, बदललेले व पुन्हा साधे, या क्रमाने उड्डाणे करणे ही यावरची चांगली कसोटी होय. पट्ट्या काढल्यावर मूळचे आकडे परत आले, तरच फरक पट्ट्यांचा ठरतो. हा कंटाळवाणा तिसरा टप्पा हौशी मंडळी सहसा गाळतात.

प्रवाह डोळ्यांनी पाहण्याची जुनी युक्ती अजूनही उपयुक्त आहे. पंखावर ओळीने लोकरीचे आखूड धागे एका टोकाने चिकटवितात. प्रवाह सुरळीत असता ते मागे सरळ पडून राहतात व तो सुटला की, थरथरतात किंवा उलटे फिरतात. धडावर बसविलेल्या कॅमेऱ्याने त्यांचे चित्रण केल्यास स्टॉल कोठे सुरू झाला व पंखावर कसा पसरला, हे कोणत्याही आकड्यापेक्षा स्पष्ट कळते.

गिरकीचा धोका : दोन पंखांपैकी एकाचा स्टॉल आधी झाला, तर विमान त्या बाजूला कलंडते व स्वतःभोवती फिरत खाली येऊ लागते. उंची पुरेशी असल्यास नेहमीचे विमान या गिरकीतून सोडविता येते. गिरकी सपाट झाली, म्हणजे नाक क्षितिजाजवळ राहून विमान भिंगरीसारखे फिरू लागले, तर शेपटीवरील नियंत्रक पृष्ठे निकामी ठरू शकतात. स्टॉल सुधारणारा फेरबदल गिरकी बिघडवू शकतो, याचा धडा अमेरिकेतील लँगली संशोधन केंद्राच्या १९७० च्या दशकातील प्रयोगांनी दिला. यांकी या लहान दोन आसनी विमानाच्या अग्रधारेला खाली बाक देणारा जोड पंखाच्या संपूर्ण लांबीवर लावला, तेव्हा स्टॉल उशिरा आला, पण गिरकी सपाट व धोकादायक झाली. तोच जोड केवळ पंखाच्या बाहेरील भागावर लावून त्याची आतील कड मुद्दाम तुटक ठेवली, तेव्हा तेथे उठणाऱ्या भोवऱ्यामुळे बाहेरील पंख आतील भागापासून जणू वेगळा पडला व विमान गिरकीत शिरण्यासच नाखूष झाले. जोड एकच होता. त्याच्या लांबीने परिणाम उलटा केला. केवळ स्टॉलचा वेग मोजून थांबले असते, तर पहिली रचनाच चांगली ठरली असती. असे प्रयोग शेपटीत गिरकी थोपविणारी हवाई छत्री बसवून, वैमानिकाच्या पाठीवर दुसरी छत्री देऊन व भरपूर उंचीवर केले जातात. ही साधने नसलेल्याने गिरकीची चाचणी घेऊ नये. सुसज्ज संस्थांतही धोका उरतोच : ६ मार्च २००९ रोजी सरस या भारतीय हलक्या वाहतूक विमानाचा दुसरा नमुना बंगलोरजवळ चाचणीच्या वेळी कोसळून त्यातील तिघेही मृत्युमुखी पडले. त्या उड्डाणात एंजिन हवेत बंद करून पुन्हा सुरू करण्याची चाचणी होती.

स्थळ व हवामान. ठाणे–कल्याण परिसर : चाचणीचे आकडे जागेनुसार बदलतात व ते प्रमाण हवेला रूपांतरित करावे लागतात. बंगलोरचा जुना विमानतळ समुद्रसपाटीपासून सु. ८९० मी. उंचीवर आहे. म्हणूनच राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने हंसा या दोन आसनी विमानाची नवी आवृत्ती २०२२ मध्ये समुद्रसपाटीवरील चाचण्यांसाठी पुदुच्चेरीला नेली. ठाणे, कल्याण व डोंबिवली ही शहरे समुद्रसपाटीच्या जवळ असली, तरी तेथील हवा प्रमाण हवेइतकी घन नसते. ३५° से. तापमानाला घनता प्रमाणापेक्षा सु. साडेसहा टक्क्यांनी कमी भरते. तबकडीवरील स्टॉलचा वेग त्यामुळे बदलत नाही, पण हवेतील खरा वेग सु. साडेतीन टक्क्यांनी वाढतो व एंजिनाची शक्ती घटते. मे महिन्यातील दुपारी व जानेवारीतील पहाटे घेतलेली धावेची मापे रूपांतराशिवाय शेजारी मांडली, तर कोणत्याही पट्टीपेक्षा मोठा परिणाम ऋतूचाच दिसेल.

उल्हास खोऱ्यात दुपारनंतर पश्चिमेकडून खारा वारा शिरतो. पारसिक, मलंगगड व माथेरान यांच्या डोंगररांगांवरून जाताना तो खळबळतो आणि तापलेल्या जमिनीवरून उठणारे ऊर्ध्व प्रवाह त्यात भर घालतात. तीन दिशांच्या उड्डाणाला लागणारा स्थिर वारा डिसेंबर ते फेब्रुवारीमधील पहाटेच्या दोन तासांपुरताच मिळण्याची आशा असते. पावसाळ्यात तर पंखावरील थेंबच सीमास्तर बदलतात.

या परिसरात धावपट्टी नव्हती असे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी कल्याणजवळ नेवाळी येथे शेतजमिनी ताब्यात घेऊन विमानतळ उभारला होता. युद्धानंतर तो ओस पडला. जमिनीच्या हक्कावरून शेतकरी व संरक्षण खाते यांच्यात निर्माण झालेल्या वादाने जून २०१७ मध्ये हिंसक वळण घेतले. एके काळी मोकळ्या असलेल्या या टापूभोवती आता दाट वस्ती, कारखाने व विजेच्या उच्च दाबाच्या तारा आहेत आणि वरचे आकाश मुंबईच्या विमान वाहतुकीने व्यापले आहे. एंजिन बंद पडल्यास उतरावयास शेत उरलेले नाही. स्टॉलच्या चाचण्यांसाठी मोकळी भूमी व मोकळे आकाश या दोन्ही गोष्टी लागतात. त्यामुळे ठाणे-मुंबईच्या पट्ट्यात विमान घडविता आले, तरी त्याची परीक्षा तेथे घेता येत नाही.

याचे उदाहरण म्हणजे वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईतील कांदिवली येथे घराच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईतील औद्योगिक प्रदर्शनात मांडण्यात आले. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली, उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये मिळाला आणि त्याचे चाचणी-उड्डाण २०२० मध्ये झाले ते धुळ्याच्या धावपट्टीवरून. प्रमाणपत्र मिळालेल्या विमानाच्या बाबतीतही मालकाला मनाजोगता बदल करता येत नाही. पट्टी कितीही लहान असली, तरी तिच्यामुळे मूळ प्रमाणपत्रातील वेग, वजन व गुरुत्वमध्याच्या मर्यादा लागू राहतात की नाही, हे दाखवून महासंचालनालयाची मान्यता घ्यावी लागते व बदललेले आकडे वैमानिकाच्या पुस्तिकेत नोंदवावे लागतात. मान्यता मिळेपर्यंत जुन्या पुस्तिकेतील स्टॉलचा वेगच ग्राह्य धरतात.